डोव्हीची भट्टी

एनॉस मेसरला धरून नेलं, त्या दिवशी सकाळी त्याची बायको डोव्ही ओसरीवर शेंगा ओवत बसली होती. घेवड्याच्या शेंगा दोऱ्यात ओवून छपराखाली टांगल्या की हिवाळाभर पुरतात. त्या साली पाऊस नावालाच झाला होता. शेंगा बारीक, वाकड्या. सुईला चिवट लागत होत्या. एरवी ज्याच्या खळखळाटात कुंपणापलीकडची हाक ऐकू यायची नाही, तो पँथर ओढा दगडांच्या खालून गुपचूप वाहत होता. म्हणून वरच्या जंगलातले घाव तिला स्पष्ट ऐकू आले.

आधी वाटलं, एनॉस लाकडं फोडतोय. मग कळलं, हे लाकूड नाही. तांब्यावर कुऱ्हाड पडत होती.

ती उठली नाही. उठून करणार काय? शेंग सुईत तशीच राहिली. थोड्या वेळानं शेरीफची चार माणसं पायवाटेनं खाली आली. मधे एनॉस, हात पुढे बांधलेले, डोक्यावर टोपी नाही. एकाच्या खांद्यावर तांब्याची वेटोळी नळी होती, मेलेला साप काठीवर टाकून आणावा तशी.

कुंपणापाशी एनॉस थांबला. त्यांनी त्याला थांबू दिलं.

"गाईला संध्याकाळी मीठ दे," तो म्हणाला.

"देते."

"आणि वर जाऊ नकोस. तिथं आता काही राहिलं नाही."

"तुमची टोपी?"

"पडली असेल कुठंतरी."

चौघांतला एक, मानेवर गळू झालेला, डोव्हीकडे बघून उगाच हसला. "बाई, पाणी मिळेल का?" तिनं डोणीतून तांब्या भरून दिला. पाचहीजण प्यायले. एनॉसला तिनं स्वतः पाजलं, कारण त्याचे हात बांधलेले होते. थोडं पाणी हनुवटीवरून सदऱ्यात गेलं. मग ते गेले.

कॅरोलायनाच्या ह्या डोंगरात मक्याची दारू गाळणं कुणाला नवीन नव्हतं. दारूबंदी येऊन उठूनही गेली होती, पण सरकारचा कर न भरता गाळणं गुन्हाच राहिला होता. उभ्या चढावरच्या शेतातला मका गाडीवाटेपर्यंत नेईतो खेचराचं कंबरडं मोडायचं. तोच मका बाटलीतून नेला तर खांद्यावर जायचा. एनॉसचा बाप हेच करत होता, आजाही. पण मेसरांच्या घरात भट्टीवर बाई कधी गेली नव्हती. लग्न होऊन आल्यापासून डोव्ही दुपारचं जेवण फडक्यात बांधून लॉरेलच्या झुडपांच्या जाळीपर्यंत न्यायची, तिथं ठेवायची आणि मागं फिरायची. जाळीच्या आत काय आहे, ते तिनं पाहिलं नव्हतं. मूलबाळ नव्हतं. एक जन्मलं, ते आठवडाभरही जगलं नाही.

एनॉसला वर्षाची शिक्षा झाली. दूर दक्षिणेला, मोठ्या सरकारी तुरुंगात.

भट्टीची खबर कोणी दिली ते कधीच कळलं नाही. हेच वाईट झालं. कळलं असतं तर खोऱ्यातल्या एका घराशी बोलणं बंद झालं असतं. कळलं नाही म्हणून सगळ्याच घरांशी झालं. डोव्हीकडे जावं तर लोक म्हणणार, ह्याचं मन खात होतं म्हणून गेला. न जावं हे सोपं. खालच्या घरातली मोझेल दर गुरुवारी गोधडी शिवायला यायची, ती यायची थांबली. चौकटीवर ताणलेली अर्धी गोधडी तशीच राहिली. चर्चमध्ये डोव्ही बाकावर बसली की शेजारच्या बाया घागरे सावरून जरा सरकायच्या. पाद्रीबुवांनी त्या महिन्यात दारूवर दोनदा प्रवचन केलं. तिच्याकडे बघितलं नाही, पण न बघण्यासाठी त्यांना मान बरीच वळवावी लागली.

सटल्सच्या दुकानात ती अंडी घेऊन गेली, बदल्यात कॉफी आणि साखर मागितली.

"साखर किती?" सटल्सनं विचारलं.

"दोन पौंड."

"दोनच ना, मेसरबाई? नाही, विचारलं आपलं. साखर भट्टीला लागते, म्हणून जास्त कोणी नेली की आजकाल सांगावं लागतं वर."

ओट्यावर बसलेले दोघे-तिघे हसले. डोव्हीनं साखर घेतली नाही. कॉफी घेऊन घरी आली.

मग ती कुणाशी बोलेनाशीच झाली. गाईशी बोलायची. खेचराशी बोलायची. एकदा चुलीतल्या लाकडाला "पेट की रे मेल्या" म्हणाली आणि आपलाच आवाज ऐकून दचकली.

पानगळीच्या सुरुवातीला गाय चुकली. तिला शोधत डोव्ही लॉरेलच्या जाळीपर्यंत गेली. गाय आतच शिरली असणार, म्हणून वाकून आत गेली. पानांनी तिचे हात ओरबाडले. आत एवढीशी मोकळी जागा. मोडलेली पिंपं, राखेचा ढीग, दगडांची चूल आणि कुऱ्हाडीनं फाडलेला तांब्याचा हंडा. टोपण तेवढं बाजूला दगडांत घरंगळून शाबूत राहिलं होतं. एनॉसची टोपीही तिथंच पडली होती, पावसानं आकसलेली.

इथं माणूस वीस-बावीस वर्षं रोज आला, तिला वाटलं, आणि एवढीच जागा.

गाय ओढ्याच्या कडेला काहीतरी हुंगत होती. पाण्यात दगडाखाली एक पोतं दाबून ठेवलेलं होतं. डोव्हीनं ते ओढून सोडलं. आत मका, गाळण्यासाठी मोड यायला एनॉसनं भिजत घातलेला. पोत्याच्या तोंडाशी थोडा कुजला होता, बाकी दाण्यांना लांब पिवळे मोड आलेले, मुळं एकमेकांत गुंतून चटई झालेली. चांगला निवडक दाणा होता. त्या साली कणीस कसं भरलं होतं ते तिला माहीत होतं. पाणी घालून घालून तिचेही खांदे दुखले होते. हा मका टाकून द्यायचा? डुकरालाही तो एकदम घातला तर पोट फुगून मेलं असतं.

तिनं कुजका काढला आणि पोतं पाठीवर घेऊन खाली आली. मोड आलेला मका माळ्यावर पसरून वाळवला. वाळल्यावर त्याला गोड वास सुटला. रात्री झोपताना तो वास यायचा, आणि तिला वाटायचं, घरात कोणीतरी आहे.

हॉइट गंटर आला तेव्हा तो वास त्यालाही आला. हॉइट म्हणजे एनॉसचा माल गिरण्यांच्या गावात नेऊन विकणारा. तिशीतला, पुढचा दात सोन्याचा, ट्रक खालीच ठेवून चालत वर आलेला.

"डोव्हीवहिनी, मका मोडावलाय वाटतं," तो हसत म्हणाला.

"राहिला होता."

"मला देऊन टाक. नाहीतर असं कर. मी पत्र्याचं पिंप आणून देतो, साखरेची पोती आणून देतो. मका नुसता नावाला. चार दिवसांत माल तयार. गिरणीतल्या लोकांना काय कळतंय? चढली म्हणजे झालं."

"आणि नळी?"

"मोटारीचा जुना रेडिएटर लावतात सगळे आता."

"तसली पिऊन लोक आंधळे होतात, हॉइट."

"एखादा होतो." त्यानं खांदे उडवले. "मग काय करणारेस? एनॉसदादा येईतो गोधड्या शिवणार?"

तो गेल्यावर तिनं माळ्याच्या कोपऱ्यातलं जुनं घोंगडं उलगडलं. आत सासऱ्याच्या वेळची वेटोळी नळी होती, हिरवी पडलेली. ही इथं आहे हे तिला ठाऊक होतं. दर वसंतात माळा झाडताना ती त्या घोंगड्याला वळसा घालून झाडायची. सफरचंदाचा मुरंबा आटवायचा तांब्याचा हंडा घरात होताच. हंडा लहान होता. पण भट्टीवर शाबूत राहिलेलं टोपण थोडं ठोकून त्याच्यावर बसलं.

सामान वर न्यायला तिला तीन खेपा झाल्या. खेचर नेलं नाही, खुरांची वाट पडली असती. ओढ्याच्या बाजूनं, दगडांवरून, हंडा पाठीला दोरानं बांधून गेली. एके ठिकाणी पाय घसरला आणि गुडघा फुटला. बसून तिनं रक्त धुतलं. बर्फासारखं पाणी. "उठ आता," ती स्वतःला म्हणाली, "इथं कोण येणारे उचलायला."

गाळण्याचा पहिला घाणा फुकट गेला. मक्याचा भरडा कढत पाण्यात भिजवून, निवल्यावर मोडाच्या मक्याचं पीठ मिसळून घरून नेलेलं पिंप भरलं होतं. आंबवण फसफसायला लागलं, वर जाड साय धरली, आणि तिला वाटलं झालं. घाईनं हंड्यात घातलं. खाली लागलं, करपलं, आणि नळीतून पडलं ते कडू पाणी. तिनं ते सगळं डुकराला ओतलं. डुक्कर तासभर कुंपणाला अंग टेकून उभं राहिलं आणि मग चिखलात बसून मोठ्यानं घोरलं. डोव्हीला हसू आलं. कुणाला सांगावं म्हणून तिनं मान वळवली. पलीकडे नुसतं शेत होतं, कापलेल्या ताटांचे बुडखे.

दुसऱ्या वेळेला तिनं घाई केली नाही. बसून विचार केला, आपल्याला काय काय ठाऊक आहे. भट्टी पाहिली नव्हती, पण एनॉसचे सदरे ती इतकी वर्षं धूत आली होती. काही दिवस सदऱ्यांना ताज्या भाकरीसारखा वास यायचा. मग हळूहळू आंबट, ताकासारखा. तो आंबट वास जाऊन नुसता कोरडा, नाकाच्या टोकाला टोचणारा वास यायला लागला की दुसऱ्या दिवशी एनॉस पहाटे उठून जायचा आणि संध्याकाळी येताना त्याच्या बाह्यांना डोळ्यांत पाणी आणणारा वास असायचा. त्या दिवशी तो बोलायचा नाही, पण चार घास जास्त जेवायचा.

म्हणून ती पिंपावर वाकून रोज वास घेत राहिली. साय आपोआप फुटून खाली बसली, खालचं पाणी निवळलं, तरी थांबली. आंबट वास सरला तेव्हा पहाटे उठली. धुकं ओढ्यावर इतकं दाट होतं की धूर कुठला, धुकं कुठलं, सांगता आलं नसतं. रोगानं मेलेले चेस्टनटचे वृक्ष डोंगरभर उभेच्या उभे सुकले होते. त्यांचं लाकूड जळलं तर धूर जवळजवळ होतच नाही. टोपणाच्या फटी तिनं राय नावाच्या धान्याच्या पिठानं लिंपल्या. जाळ लहान ठेवला.

नळीच्या तोंडाशी पहिला थेंब आला, तेव्हा ती गुडघ्यांवर बसली होती. वासानं डोळे चुरचुरले. हेच ते, बाह्यांचं. पहिली धार डोकं फोडते हे खोऱ्यातल्या पोरालाही ठाऊक होतं, म्हणून ती तिनं जमिनीवर सोडली. नंतरची धरली. मग सगळं काढून, हंडा घासून, तेच पुन्हा एकदा गाळलं. एनॉस एक छोटी बाटली खिशात बाळगायचा, जेवतानाही हलवून बुडबुड्यांवरून दारूचा कस बघत बसायचा. तिनं औषधाची बाटली घेतली, भरली, हलवली. बुडबुडे वर येऊन मण्यांसारखे बसले, अर्धे वर, अर्धे खाली, आणि फुटेनात.

जिभेवर थेंब घेतला. जळजळलं, मग मका आला. आपल्याच शेतातला मका, उन्हातला.

ती तिथंच राखेशेजारी बसली आणि रडली. कशानं ते तिला नीट सांगता आलं नसतं.

हॉइटनं चव घेतली. पुन्हा एकदा घेतली.

"एनॉसदादानं कुठं पुरून ठेवली होती ही?"

"त्यांनी नाही. मी काढली."

"तू?" तो तिच्या हातांकडे बघायला लागला. हात भाजलेले, बोटं काळी. "वहिनी, खोटं बोलत नाहीस ना? हे दादाच्या हातचं नाही, ते मलापण कळतंय. त्याच्यापेक्षा मऊ आहे." मग आवाज खाली आणून म्हणाला, "पण मी लोकांना मेसरची म्हणूनच सांगणार हां. बाईची म्हटलं तर कोण घेईल?"

"मीपण मेसरच आहे," डोव्ही म्हणाली.

"हो, ते आहेच की," तो म्हणाला, आणि बरण्या पेंढ्यात ठेवायला लागला.

हिवाळा लांबला. बर्फ पडलं की ती वर जायची नाही, पावलं उमटतात. मग दिवसच्या दिवस खिडकीशी. एनॉसला पत्र लिहायचं म्हणून बसायची. गाय बरी आहे. कोठाराच्या छपराची एक फळी उडाली होती, बसवली. खाली आणखी लिहायला जागा असायची, पण जे सांगायचं ते तुरुंगातली माणसं आधी वाचणार. त्याचीही पत्रं तशीच यायची, दुसऱ्याकडून लिहून घेतलेली. मी ठीक आहे. देव तुझं रक्षण करो. 'देव तुझं रक्षण करो' असं एनॉस जन्मात बोलला नव्हता.

एका सकाळी मागच्या दारावर थाप पडली. मोझेल होती. डोक्यावरून शाल, नाक लाल झालेलं.

"आमच्या म्हातारीची छाती भरलीय," ती म्हणाली. "डॉक्टर काही बर्फातून येत नाही. म्हटलं, घरात असली तर... आजारपणापुरती."

"असेल," डोव्ही म्हणाली. "आत ये."

मोझेल उंबऱ्याच्या आत येऊन उभी राहिली. गोधडीची चौकट भिंतीशी होती, तिच्याकडे तिनं बघितलं आणि नजर काढून घेतली.

डोव्हीनं अर्धी बरणी भरली, काकवीचं भांडं दिलं. "कोमट करून काकवीतून द्या. एकदम नको." मग म्हणाली, "बस की. कॉफी टाकते."

"नको गं. चुलीवर ठेवून आलेय."

"एक घोट."

"व्हर्जिल ओरडेल." नवऱ्याचं नाव पुढे करून मोझेलनं बरणी शालीखाली घेतली. दारातून वळून म्हणाली, "एनॉसचीच ना ही? जुनी?"

"नाही. माझी आहे."

मोझेल तिच्याकडे बघत राहिली. काही बोलेल असं वाटलं. पण तिनं मान हलवली आणि बर्फातून, आपल्याच आलेल्या पावलांत पाय टाकत परत गेली. म्हातारी वाचली. रविवारी चर्चमध्ये मोझेलनं लांबूनच पापण्या हलवल्या. बाक बदलून जवळ मात्र आली नाही.

वसंतात शेरीफचा माणूस घोड्यावरून आला. मानेवर गळूवाला तोच. गळू जाऊन वण राहिला होता. डोव्ही ओसरीवर रानकांदे निवडत होती. त्यानं कोठार बघितलं, माळा बघितला, पलंगाखाली काठी घातली. बाहेर येऊन म्हणाला, "बाई, हात दाखवा."

तिनं पुढे केले. त्यानं मनगट धरून तळहात नाकाशी नेला, कुत्र्यासारखा हुंगला, आणि तोंड वेडंवाकडं केलं. ह्या डोंगरातल्या रानकांद्याचा वास चार दिवस जात नाही. तो थुंकून घोड्यावर बसला. डोव्हीनं हात साबणानं धुतले, राखेनं धुतले, पुन्हा धुतले. कांद्याचा वास तिला चालला असता. त्याच्या बोटांचा जात नव्हता.

एनॉस आला तेव्हा ती काकवीचा ऊस तोडत होती. खालून कोणीतरी चढताना दिसलं, सावकाश, मधे मधे थांबत. खांदे ओळखीचे वाटले नाहीत. जवळ आल्यावर चालण्यावरून ओळखलं. कोयता खाली ठेवून ती पुढे गेली, आणि दोघं तीन हातांवर उभे राहिले.

"किती वाळलात," ती म्हणाली.

"हिवाळ्यात ताप आला होता. बरेच दिवस." तो शेताकडे बघत होता. "ऊस बरा आलाय."

तिनं त्या दिवशी कोंबडी केली. तो जेवला, पण ताटाकडे न बघता, घाईनं, कोणी घंटा वाजवेल असा. चव कशी आहे म्हणाला नाही. आधीही म्हणायचा नाही, पण आधी त्याच्या जेवण्याकडे बघून कळायचं.

दुसऱ्या दिवशी तो वर गेला. ती सांगणार होती, शब्द जुळवत होती. त्याआधीच तो गेला. परत आला तेव्हा दिवस मावळत होता.

"कुणी केलंय ते वर?"

"मी."

"कुणी शिकवलं?"

"कोणी नाही."

तो बुटांच्या नाड्या सोडत राहिला. "धरलं असतं म्हणजे? दोघंही आत. घर कोणी बघितलं असतं?"

"धरलं नाही."

"हॉइट नेत होता?"

"सगळी. आणखी मागत होता."

त्यानं बूट भिंतीशी लावून ठेवले, तिकडं शिकल्यासारखे, टाचेला टाच लावून. "आता मी आलोय," तो म्हणाला. "उद्यापासून तू वर येऊ नकोस."

"बरं," डोव्ही म्हणाली.

वर्षभरात ती जेवढी एकटी नव्हती, तेवढी त्या आठवड्यात झाली. चुलीपाशी तो बसलेला, आणि आता गाईशीही बोलता येईना; बोललं तर त्याला ऐकू गेलं असतं. दुपारी ती जेवण घेऊन जाळीपर्यंत जायची. आतल्या आंबवणाचा वास बाहेर यायचा. अजून आंबट आहे, तिला कळायचं. दोन दिवस थांबायला हवं. आतून जाळ घातल्याचा आवाज यायचा.

एनॉसनं काढलेल्या मालातल्या निम्म्या बरण्या हॉइटनं परत आणल्या.

"एनॉसदादा, राग मानू नकोस. ह्यात पहिली धार राहिलीय. पिणाऱ्यांची डोकी फुटायला आली. एकजण मला मारायला उठला."

"मी बापाच्या हाताखाली शिकलोय," एनॉस म्हणाला. "तू मला पहिली धार सांगतोस?"

"मी नाही सांगत. लोक सांगतायत." हॉइटनं डोव्हीकडे बघितलं. "वहिनीनं काढलेली काही राहिलीय का?"

एनॉस उठून बाहेर गेला. बऱ्याच वेळानं लाकडं फोडल्याचा आवाज यायला लागला. लाकडं कालच फोडून झाली होती.

पुढच्या आठवड्यातली गोष्ट. डोव्ही संध्याकाळचं दूध काढायला गेली. जाताना शेंगांचं भांडं चुलीवर होतं, एनॉस शेजारीच खुर्चीत, खोगिराचा पट्टा शिवत. कोठारातच तिला करपल्याचा वास आला. धावत आली. भांड्यातलं पाणी आटून शेंगा कोळसा झाल्या होत्या. खोली कडू वासानं भरलेली. एनॉस तिथंच, हातभर अंतरावर, दोरा दातानं तोडत होता.

"अहो! जळतंय ना!"

तो दचकून उठला. भांड्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"तुम्हाला वास नाही आला?"

हातातला पट्टा सुटून पडला.

"एनॉस," ती म्हणाली. नावानं तिनं त्याला फार क्वचित हाक मारली होती. "वास येत नाही तुम्हाला?"

"त्या तापानंतर," तो म्हणाला. "काहीच येत नाही. आधी वाटलं, तुरुंगातलं खाणंच तसलं आहे. मग घरी आलो. तू कोंबडी केलीस." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "ओला कापूस चावल्यासारखं. तुला काय सांगणार?"

ती खाली बसली. महिनाभर तिनं त्याच्यासाठी रांधलं होतं, आणि तो समोर बसून रोज कापूस चावत होता. तिला वाटलं होतं, माणूस आपल्यावर रुसलाय.

"वर कसं करत होतात मग?"

"अंदाजानं. बुडबुडे बघून. बुडबुड्यांवर पहिली धार कळत नाही."

"नाही कळत," ती म्हणाली.

तिनं खिडकी उघडली. भांडं बाहेर नेऊन ठेवलं. आत येऊन मक्याची भाकरी आणि ताक काढलं, दोघांनी खाल्लं. खाताना ती म्हणाली, "उद्या मी येते बरोबर." सकाळी धुक्यात तो पुढे निघाला आणि जाळीपाशी फांदी हातानं वर धरून थांबला, ती वाकून आत जाईपर्यंत.

तेव्हापासून तसंच चाललं. लाकडं तोडणं, पाणी वळवणं, ओझी वाहणं त्याचं. पिंपावर वाकणं, जाळ केव्हा कमी करायचा, धार केव्हा धरायची, ते तिचं. बोलणं फारसं नव्हतं. "आता?" तो विचारायचा. "थांबा," ती म्हणायची. काही वेळानं "आता?" "हं." हॉइट खूष होता. तिकडं गिरण्यांच्या गावात लोक मेसरची म्हणून मागून घ्यायचे.

ख्रिसमसच्या आधी दोघं सटल्सच्या दुकानात गेले. डोव्हीला पीठ घ्यायचं होतं. शेगडीभोवती पाच-सहाजण बसले होते, मोझेलचा व्हर्जिल त्यांतच. मोझेल पलीकडे दोऱ्याची रिळं बघत होती.

"ये एनॉस, बस," व्हर्जिल म्हणाला. "तुझा माल चाखला बरं का. माझ्या भावानं गिरणीवरून आणली होती. काय हात सुधारलाय रे तुझा! तुरुंगात शाळा होती का?"

"खरंय," सटल्स म्हणाला. "तुझ्या बापाची मी प्यायलोय. तीसुद्धा अशी नव्हती."

डोव्ही पिठाच्या पोत्याशी उभी होती. तिला वाटलं, तो नेहमीसारखा मान हलवेल. आतापर्यंत तसंच झालं होतं. आणि तिनं ते चालवून घेतलं होतं.

एनॉसनं हात शेगडीवर धरले. "माझा हात नाही तो," तो म्हणाला. "डोव्हीचा आहे. मी आत होतो तेव्हापासून तीच काढते. मला आता जमत नाही."

सगळ्यांनी त्याच्याकडे वळून बघितलं. मग सटल्स फसकन हसला, आणि सगळेच हसले. व्हर्जिल तर गुडघ्यावर थापा मारायला लागला.

"बायको गाळते म्हणे! मग तू काय करतोस, धुणं धुतोस?"

"मी खरं सांगतोय," एनॉस म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

"तिकडनं विनोद शिकून आला बाबा हा! आधी तोंडातून शब्द निघायचा नाही!"

डोव्हीनं मोझेलकडे बघितलं; तिला तर खरं ठाऊक होतं. मोझेलच्या हातात दोन रिळं होती, एक पांढरं, एक निळं. तिनं ती उजेडात धरली, जवळ जवळ लावून बघितली. मग निळं खाली ठेवलं.

"हेच द्या," ती सटल्सला म्हणाली.

पीठ घेऊन दोघं बाहेर पडले. पोतं एनॉसनं खांद्यावर घेतलं होतं. थंडी कोरडी होती, चिखल गोठून त्याला गाडीच्या चाकांच्या धारा आल्या होत्या. मागून दुकानातलं हसणं बराच वेळ ऐकू येत होतं.

वळणावर तो थांबला. पोतं ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

"मी सांगितलं त्यांना," तो म्हणाला.

"ऐकलं मी."

"त्यांना पटलं नाही."

"नाही पटलं," डोव्ही म्हणाली. तिनं पोत्याचं एक टोक हातात धरलं, म्हणजे त्याला ओझं थोडं हलकं व्हावं. आणि तसं धरूनच, रस्ता अरुंद होता म्हणून जरा तिरकी तिरकी, ती त्याच्या बरोबर चढायला लागली.